ताईंनी कुणाचं बोलायचं?

जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती असलेल्या पुणे महापालिकेची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये एकदाची झाली आणि सभागृहात पुन्हा लोकांनी निवडलेली माणसं बसली. 165 पैकी 83 जागा महिलांच्या. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींच्या राखीव जागाही आहेतच. तेव्हापासून कट्ट्यावर, सोसायटीच्या गप्पांत, वाहिन्यांवरच्या चर्चांत एक जुना वाद पुन्हा रंगतो आहे. एक बाजू विचारते, ‘इतक्या बायका निवडून दिल्या, त्यांनी बायकांसाठी केलं काय?’ दुसरी ठणकावून सांगते, ‘नगरसेवक सगळ्या प्रभागाचा असतो. त्यात बाई-पुरुष, हिंदू-मुसलमान आणू नका.’ मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद कच्चा वाटतो. पहिलीच्या लेखी नगरसेविका म्हणजे समाजाचा निरोप पोचवणारी. दुसरीला वाटतं, ‘सगळ्यांचं हित’ आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं आहे आणि राखीव जागेवरून आलेली मंडळी त्यात उगाच खोडा घालतात.

माझं मत आधीच सांगतो. स्त्री, दलित किंवा मुस्लिम लोकप्रतिनिधीने आपल्या समूहाचे प्रश्न सभागृहात आणलेच पाहिजेत. ते तिचं कर्तव्य आहे, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. मात्र त्या प्रश्नांचं उत्तर काय असावं, हे समूहाच्या पुढाऱ्यांनी तिला सांगायचं नाही. आणि ती बोलत नसेल, तर तिच्यावर तोंडसुख घेण्याआधी तिला तिकीट कुणी दिलं आणि ती कुणाच्या जिवावर निवडून आली, हे तपासायला हवं. आपल्या चर्चेत नेमका हाच भाग येत नाही.

‘सगळ्यांचं हित’ या कल्पनेपासून सुरुवात करू. ते ठरवलं कुणी? लक्ष्मी रोडवर किंवा तुळशीबागेत दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींशी कधी बोलून बघा. त्यातल्या कितीतरी जणी सकाळपासून पाणी बेतानं पितात. जवळपास जाण्यासारखी जागा नसते. असलीच तर बायकांच्या बाजूच्या दाराला कुलूप असतं. कुलूप नसलं तर आत पाणी नसतं, दाराला आतून कडी नसते. पुरुषांच्या मुताऱ्याही घाणेरड्या असतात, पण त्या असतात आणि उघड्या असतात. वर्षानुवर्षं अंदाजपत्रकं मंजूर झाली, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतून बाकडी बसली, कमानी उभ्या राहिल्या, पिशव्या वाटल्या गेल्या. ही कामं सुचवणाऱ्यांनी बायकांचा द्वेष केला असं कुणी म्हणणार नाही. त्यांना ती अडचण कधी आलीच नाही, एवढंच. उड्डाणपूल हा सर्वांचा प्रश्न आणि स्वच्छतागृह हा महिलांचा, ही विभागणी ज्याने केली तोही कुठल्यातरी समूहाचाच प्रतिनिधी होता. त्याच्या समूहाला नाव द्यायची वेळ कधी आली नाही, म्हणून तो ‘सर्वसाधारण’ ठरला.

या शहराला हा अनुभव नवा नाही. 1920 च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा लोकमान्यांच्या बाजूचं म्हणणं होतं की पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं पुढे बघू. वरवर पाहता ही व्यवहारी भूमिका होती. त्यामागे तिजोरीचा हिशोब होता, कुणी मुलींना शिव्या दिल्या नव्हत्या. पण पैसा अपुरा असताना मागे कुणी थांबायचं, याचं उत्तर इतकं आपोआप कसं सुचतं? रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या स्त्रिया मिरवणूक काढून रस्त्यावर आल्या, विठ्ठल रामजी शिंद्यांसारखे सुधारक त्यांच्यामागे उभे राहिले. ज्यांच्याविषयी निर्णय व्हायचा होता त्या स्त्रियांना आपलं म्हणणं रस्त्यावरून ओरडून सांगावं लागलं, कारण सभागृहात ते मांडणारं त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

त्याच नगरपालिकेत त्याआधी महात्मा फुले होते. 1876 पासून काही वर्षं ते सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा असाच विरोध होता. आज त्याच मंडईला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जोतीराव माळी समाजातले. भाजीपाला पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांसाठी पक्की मंडई ही सोयीची गोष्ट होती. ‘समाजाचं हित’ याचा सरधोपट अर्थ त्यांनी घेतला असता, तर मंडईच्या बाजूने हात वर केला असता. त्यांनी समाजाचं हित म्हणजे काय, हे स्वतः विचार करून ठरवलं आणि ते शाळेत आहे असा निष्कर्ष काढला. समूहाचं प्रतिनिधित्व करणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला या शहराच्या इतिहासात सापडत नाही.

आता कुणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणं झाली. राखीव जागेवरून आलेल्या साध्या सरपंचबाईने काय फरक पडतो? तो पडतो, आणि तो मोजलेलाही आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास करून 2004 मध्ये निष्कर्ष मांडले. कुठल्या पंचायतीचं प्रमुखपद महिलांसाठी राखीव होणार हे तिथे चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. जिथे महिला प्रमुख होत्या, तिथे दोन्ही राज्यांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. बंगालमध्ये बायकांच्या तक्रारी पाण्याबरोबर रस्त्यांच्याही होत्या, म्हणून तिथे रस्तेही जास्त झाले. राजस्थानात रस्ता ही पुरुषांची मागणी होती, तिथे ते मागे पडले. म्हणजे या बायका ठरावीक ‘बायकी’ यादी घेऊन बसल्या नव्हत्या. आपल्या गावच्या बायकांना जे हवं होतं, ते त्यांनी केलं. आणि नळाला आलेलं पाणी घरातल्या पुरुषाच्या तोंडचं कुणी काढून घेतलं का? समूहाचा प्रश्न सुटला की बाकीच्यांचं नुकसान होतं, हे गृहीतक अनेकदा इथेच कोसळतं.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. समूहाचं हित काय, हे त्या समूहातले बलवान लोकच ठरवतात. शाहबानो प्रकरण आठवा. इंदूरची साठी ओलांडलेली बाई, वकील नवऱ्याने सोडलेली. उच्च न्यायालयाने तिला महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी दिली आणि एप्रिल 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. संसदेत त्या निकालाचं समर्थन करायला उभे राहिले ते मंत्री आरिफ मोहम्मद खान, आणि निकालावर तुटून पडले तेही एक मुस्लिम मंत्रीच, झियाउर रहमान अन्सारी. सरकारने कुणाचं ऐकलं, हे सर्वांना ठाऊक आहे. 1986 मध्ये निकाल निष्प्रभ करणारा कायदा आला आणि आरिफ खानांनी राजीनामा दिला. ‘मुस्लिम समाजाचं हित’ म्हणून जे मंजूर झालं त्यात त्या समाजातल्या निम्म्या माणसांना, म्हणजे बायकांना, कुणी विचारलं होतं? त्याच्या वीस वर्षं आधी, 18 एप्रिल 1966 ला, हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. पुढे 1970 मध्ये याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्या सात जणींना समाजाचे प्रतिनिधी मानायला कुणीही तयार नव्हतं, समाजातले पुढारी नाहीत आणि बाहेरचे पक्षही नाहीत.

यावरून विरोधक निष्कर्ष काढतात की समूहाची भाषाच सोडून द्यावी. मला निष्कर्ष उलटा दिसतो. पुण्यातलंच बघा. टिळक, आगरकर, रानडे, गोखले हे सगळे चित्पावन ब्राह्मण. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून या मंडळींत उभा दावा होता. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं, एवढाच प्रश्न. पण त्यावरून वर्तमानपत्रांतून आणि सभांतून रान पेटलं होतं. तरीही ‘यातला ब्राह्मणांचा खरा प्रतिनिधी कोण?’ असं इंग्रज सरकारने किंवा इतर कुणी दरडावून विचारलं नाही. चौघांनी चार मतं मांडावीत हे स्वाभाविक मानलं गेलं, कारण बोलणारे भरपूर होते. सभागृहात एकटा-दुकटा असतो, त्याच्याच डोक्यावर अख्ख्या समाजाचं ओझं येतं. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार निवडून गेला नाही. एवढ्या मोठ्या समाजातून एखादा निवडून आला, तर त्याचा प्रत्येक शब्द ‘मुसलमानांचं म्हणणं’ ठरणार आणि पक्षही तिकीट देताना मौलवींना चालेल असाच माणूस शोधणार. दहा जण असतील तर त्यात एखादी तलाकविरुद्ध बोलणारी असेल, एखादा विणकरांचं बोलेल, एखाद्याला धर्मात रसच नसेल. समूहातल्या दुबळ्यांचा आवाज दाबला जातो यावर उपाय त्या समूहातून अधिक आणि वेगवेगळी माणसं आणण्याचा आहे. ज्याला खरोखर शाहबानोची काळजी आहे, त्याने सभागृहात मुस्लिम बायका असाव्यात म्हणून भांडायला हवं.

हीच गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत वर्गाची. बंगल्यात राहणाऱ्या नगरसेविकेला वस्तीतल्या बाईचं जगणं काय कळणार, हा प्रश्न रास्त आहे. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेतल्या कष्टकरी प्रामुख्याने दलित स्त्रिया आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या संघर्षातून हे काम उभं राहिलं. महापालिकेबरोबरचा करार संपत आला की काम ठेकेदाराला द्यायची चर्चा सुरू होते आणि या बायकांना पुन्हा आपल्या पोटापाण्यासाठी झगडावं लागतं. त्यांचा प्रश्न ‘महिलांचा’ म्हणून कुठलीही ताई आपोआप उचलेल, असं मी मानत नाही. म्हणूनच 1996 मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं, तेव्हापासून ओबीसी स्त्रियांचा वाटा मागणारे लोक सगळेच महिलाविरोधी नव्हते. काहींना विधेयक लांबवायचं होतं हे खरं. पण मुद्दा चुकीचा नव्हता. 2023 च्या घटनादुरुस्तीतही तो अनुत्तरितच राहिला.

आणखी एक आक्षेप खुद्द राजकारणातल्या बायकाच घेतात, आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. त्या म्हणतात, आम्ही महिलांचं बोलावं ही अपेक्षा म्हणजे आमच्याभोवती घातलेलं कुंपण आहे. हे खरं आहे. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती आहे आणि स्थायी समिती आहे. पहिलीत शिलाई यंत्रं आणि प्रशिक्षण वर्गांचे विषय येतात, दुसरीत सोळा जण बसून शहराच्या तिजोरीचे निर्णय घेतात. ‘ताई, तुम्ही महिला बालकल्याण घ्या’ असं प्रेमाने सांगणारा नेता तिचा सन्मान करत नसतो, तिला पैशांपासून लांब ठेवत असतो. घटना समितीत हंसा मेहता यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा नकोत असं ठाम सांगितलं होतं. पण पुढे त्यांनी काय केलं तेही पाहा. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशा शब्दांच्या जागी ‘सर्व माणसं’ हे शब्द यावेत म्हणून त्या झगडल्या आणि ते बदलून घेतलं. राखीव जागा नाकारणाऱ्या बाईलाही आपण बाई असल्याचं ज्ञान बाहेर ठेवून आत जाता आलं नाही, आणि त्याने जगाचं भलंच झालं.

दादाभाई नौरोजी यांचं उदाहरण इथे अधिक बोलकं आहे. 1892 मध्ये ते लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेले, अगदी थोड्या मतांनी. मतदार इंग्रज, आणि हा माणूस उघडपणे सांगत होता की मी हिंदुस्थानचंही बोलणार. त्यांनी ते बोललं, आणि आयर्लंडच्या स्वराज्याच्या, स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूनेही ते उभे राहिले. ज्याने एका समूहाचा अन्याय आतून पाहिला, त्याला दुसऱ्याचा दिसायला वेळ लागत नाही. तीन वर्षांनी ते हरले आणि त्याच निवडणुकीत लंडनच्याच दुसऱ्या मतदारसंघातून, हुजूर पक्षाकडून, मंचेरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ निवडून आले. काँग्रेसच्या राजकारणाला ते विरोधक होते आणि हिंदुस्थानी लोकांना त्यांचा राग होता. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालअपेष्टांचा प्रश्न त्यांनी संसदेत लावून धरला. पक्षाच्या सोयीसाठी आणलेला माणूससुद्धा कधीकधी आपल्या लोकांचा होतो. पण ‘कधीकधी’वर लोकशाही चालवता येत नाही, आणि तिथूनच मी मूळ मुद्द्यावर येतो.

तो मुद्दा येरवड्याच्या तुरुंगात 1932 च्या सप्टेंबरमध्ये निघाला होता. ब्रिटिश पंतप्रधानांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, गांधीजींनी उपोषण सुरू केलं आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा 71 वरून 148 झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. बाबासाहेबांची चिंता जागांच्या संख्येची नव्हती. दलितांच्या जागेवरचा माणूस जर बहुसंख्य सवर्णांच्या मतांवर निवडून येणार असेल, तर तो कुणाला बांधील राहील? म्हणून करारात प्राथमिक निवडणुकीची तरतूद आली: दलित मतदारांनीच आधी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्यांतून सर्वांनी एक. स्वतंत्र भारतात ती पायरी राहिली नाही. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, मुंबईत, राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी बाबासाहेबांचा पराभव केला. काजरोळकरही दलितच होते. जागा दलितांची होती, निवड मात्र कुणाची होती? फ्रान्सेस्का येन्सेनियस या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी 1971 ते 2001 या काळातल्या राखीव विधानसभा मतदारसंघांचा अभ्यास केला, तेव्हा राखीव असल्यामुळे तिथल्या दलितांच्या विकासात म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. हा निष्कर्ष माझ्या बाजूला सोयीचा नाही, पण तो टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी ज्याची भीती व्यक्त केली होती, त्याचाच तो पुरावा आहे.

आता आपल्या गल्लीत या. नगरसेविकेच्या फ्लेक्सवर ताईंचा हात जोडलेला फोटो मोठा असतो, शेजारी साहेबांचा त्याहून किंचित लहान, आणि खाली जो मोबाइल नंबर असतो तो साहेबांचा. ड्रेनेज तुंबलं म्हणून फोन केला की पलीकडून पुरुषाचा आवाज येतो: ‘ताईंना सांगतो, माणूस पाठवतो.’ काम होतंही. पण वॉर्ड महिलेसाठी पडला म्हणून घरातल्या बाईला उभं केलं, तेव्हा पक्षाच्या बैठकीत हे कुणी ठरवलं? अशा बाईला आपण विचारतो की तू बायकांसाठी काय केलंस. तो प्रश्न तिला तिकीट देणाऱ्या शहराध्यक्षाला का विचारत नाही? वस्तीत बचत गट चालवणाऱ्या, रेशनसाठी मोर्चे नेणाऱ्या, पोलीस चौकीत रात्री-अपरात्री बायकांबरोबर जाऊन बसणाऱ्या कार्यकर्त्या प्रत्येक प्रभागात असतात. तिकीटवाटपाच्या आठवड्यात त्यांची नावं यादीत नसतात.

त्यात पुण्याच्या प्रभागरचनेने भर घातली आहे. 2007 ला एका वॉर्डातून एक नगरसेवक होता. 2012 ला दोन झाले, 2017 ला चार, आणि आताही चारच. एका प्रभागात पाच. सरासरी ऐंशी हजारांहून जास्त वस्तीचा प्रभाग पायी फिरून पिंजून काढणं पैसा आणि पक्ष पाठीशी नसलेल्या बाईला शक्य नाही. मतदार चार बटणं दाबतो, तो पॅनलला मत देतो. पॅनलमध्ये नाव घालणारा पुढारी हाच तिचा खरा मतदार होतो. मग ती सभागृहात त्याच्याकडे बघून हात वर करते, यात नवल काय? म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक सदस्यीय वॉर्ड परत आणा. स्थायी समितीच्या सोळा जागांपैकी निम्म्यांवर महिला बसवा, आणि त्या महिलांची नावं नगरसेविकांनी आपसांत ठरवावीत. एक सदस्यीय वॉर्डात गल्लीतला दादा शिरजोर होतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो चार सदस्यीय प्रभागातही होतोच. फक्त तिथे तो तीन जणांना सोबत घेऊन निवडून येतो आणि तुंबलेल्या ड्रेनेजचा जाब कुणाला विचारायचा हे मतदाराला कळत नाही. लहान वॉर्डात निदान बचत गटाच्या बाईला घरोघर जाऊन मत मागता येईल, आणि पाच वर्षांनी त्याच उंबऱ्यांवर तिला हिशोब द्यावा लागेल.